सेशन संपतंय हे वेळेत आणि नीट सांगा: वेब ॲपमधल्या टाइमआउटची पायरी-पायरीने जोडणी

कोथरूडमधल्या एका सोसायटीचे खजिनदार रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात बसून ८४ फ्लॅटच्या मेंटेनन्सच्या पावत्या ॲपमध्ये चढवतायत. साठेक झाल्या. तेवढ्यात गेटवर पाण्याचा टँकर येतो. चलनावर सही करायला ते खाली जातात, वॉचमनशी बोलतात आणि पंचवीस मिनिटांनी परत येतात. उरलेल्या पावत्या भरून 'जतन करा' दाबतात, तर समोर लॉगिनचं पान. भरलेलं सगळं गेलं. ॲपने तसा कुठला नियम मोडलेला नाही. सेशनला, म्हणजे सर्व्हर तुमचं लॉगिन लक्षात ठेवतो त्या काळाला, २० मिनिटांची मुदत होती, ती संपली. पण ती संपतेय हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि भरलेलं कुणी सांभाळलं नाही.

पहिल्यांदाच लॉगिन असलेलं ॲप बांधणाऱ्यांसाठी हे लिहिलंय. पुढच्या सगळ्या पायऱ्या एका गोष्टीवर उभ्या आहेत: मुदत सर्व्हर ठरवतो, ब्राउझर ती फक्त वाचून दाखवतो. ब्राउझरने स्वतःचं वेगळं घड्याळ चालवलं की गोंधळ सुरू झालाच.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- सर्व्हरची सेशन सेटिंग बदलण्याची परवानगी आणि चाचणीसाठी वेगळी प्रत
- दोन चाचणी खाती (एकाने भरलेलं दुसऱ्याला दिसत नाही ना, हे तपासायला)
- एक लॅपटॉप आणि एक खरा अँड्रॉइड फोन. फोनचं काम सिम्युलेटरवर भागत नाही
- ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब
- ॲप आपणहून सर्व्हरला ज्या ज्या विनंत्या पाठवतं त्यांची यादी: घंटीवरचा आकडा, चॅट, डॅशबोर्डचं ताजं होणं

शेवटची यादी बहुतेक जण करत नाहीत आणि तिसऱ्या पायरीला अडकतात.

१. तीन आकडे लेखी ठरवून घ्या

पहिला आकडा निष्क्रियतेचा, म्हणजे काहीच केलं नाही तर किती वेळाने बाहेर काढायचं. दुसरा एकूण मुदतीचा, म्हणजे सतत काम चालू असलं तरी किती तासांनी पुन्हा लॉगिन मागायचं. तिसरा, संपण्याच्या किती आधी सूचना द्यायची.

ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शनात निष्क्रियतेसाठी जोखमीच्या ॲपला २ ते ५ मिनिटं आणि कमी जोखमीच्या ॲपला १५ ते ३० मिनिटं असा पल्ला दिलाय. दिवसभर ऑफिसात वापरायच्या ॲपसाठी एकूण मुदत ४ ते ८ तास. सोसायटीच्या हिशेबाला २० मिनिटं, ८ तास आणि सूचना २ मिनिटं आधी, हे आकडे ठीक बसतात.

सूचनेच्या आकड्याला सुगम्यतेचा, म्हणजे अपंगांनाही ॲप वापरता यावं याचा, नियमही लागू होतो. डब्ल्यूसीएजी ही वेबसाठीची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं. त्यांतला निकष २.२.१ पहिल्याच पातळीचा आहे. मुदत वाढवून देण्याचा मार्ग निवडलात, तर सूचना दिल्यावर किमान २० सेकंद मिळाले पाहिजेत, एका साध्या कृतीने मुदत वाढली पाहिजे आणि असं किमान दहा वेळा करता आलं पाहिजे. पण २० सेकंद ही तळाची मर्यादा झाली. चष्मा शोधणाऱ्या माणसाला २० सेकंद पुरत नाहीत, म्हणून २ मिनिटंच धरा.

२. सर्व्हरवर आज खरी मुदत किती आहे ते शोधा

तुम्ही काही लिहिलं नसलं तरी फ्रेमवर्कने आपला आकडा लावलेला असतोच. पीएचपीमध्ये तो १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. टॉमकॅटमध्ये ३० मिनिटं, जुन्या एएसपी डॉट नेटमध्ये २०, लारावेलमध्ये १२० मिनिटं आणि जँगोमध्ये १२,०९,६०० सेकंद, म्हणजे तब्बल दोन आठवडे.

इथले सापळे:

एकक. टॉमकॅटच्या वेब डॉट एक्सएमएलमध्ये आकडा मिनिटांत लिहायचा, पण जावा कोडमधून तीच मुदत लावताना सेकंदांत द्यायची. तिथे २० लिहिलं की वीस सेकंदांत सगळे बाहेर.

पीएचपीची साफसफाई. १४४० सेकंद उलटले की सेशन त्याच क्षणी मरतं असं नाही. जुन्या फायली झाडण्याचं काम मधूनमधून, नशिबाने होतं, त्यामुळे सेशन जास्तही जगू शकतं. उलट बाजूने, शेअर्ड होस्टिंगवर अनेक साइट्सच्या सेशन फायली एकाच फोल्डरमध्ये असतील, तर ज्या साइटची मुदत सगळ्यांत कमी ती बाकीच्यांच्याही फायली उडवते. तुम्ही दोन तास लिहिलेत आणि लोक अर्ध्या तासात बाहेर पडतायत, तर आधी सेशनचं फोल्डर वेगळं करा.

जँगोचं न सरकणं. इथे मुदत प्रत्येक विनंतीला आपोआप पुढे जात नाही, सेशनमधली माहिती बदलली तरच जाते. प्रत्येक विनंतीला जतन करण्याची सेटिंग वेगळी चालू करावी लागते.

आयआयएस (मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर). २० मिनिटं एकही विनंती आली नाही तर ॲप्लिकेशन पूल, म्हणजे ॲप चालवणारी प्रक्रिया, झोपतो आणि मेमरीत ठेवलेली सगळी सेशन्स त्याच्याबरोबर जातात. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर 'सगळेच लॉगआउट झाले' अशी तक्रार आली तर पहिला संशय यावर घ्या. दोन सर्व्हर असून सेशन ज्याच्या त्याच्या मेमरीत असेल, तर अशीच तक्रार दिवसभर अधूनमधून येते. तेव्हा सेशन रेडिसमध्ये (सगळ्या सर्व्हरना सामाईक अशा वेगवान साठवणीत) किंवा डेटाबेसमध्ये न्या.

या सगळ्यावर मला एकच खात्रीचा उपाय वाटतो. फ्रेमवर्कच्या मुदतीवर विसंबू नका. सेशनमध्ये 'शेवटची हालचाल' आणि 'लॉगिनची वेळ' असे दोन शिक्के स्वतः ठेवा, प्रत्येक विनंतीला सर्व्हरवर तपासा आणि फ्रेमवर्कची मुदत त्याहून दहा-पंधरा मिनिटं जास्त ठेवा. मग कधी आणि का बाहेर काढलं, हे तुमच्या हातात राहतं.

३. दोन छोटे पत्ते बनवा: 'किती शिल्लक' आणि 'वाढवा'

'किती शिल्लक' हा पत्ता उरलेले सेकंद सांगतो, पण 'शेवटची हालचाल' या शिक्क्याला हात लावत नाही. 'वाढवा' हा पत्ता शिक्का पुढे सरकवतो आणि नवे उरलेले सेकंद परत देतो. उत्तर देताना निष्क्रियतेचे आणि एकूण मुदतीचे, यांतले जे सेकंद कमी असतील ते द्या, आणि कुठली मुदत संपतेय तेही सांगा. एकूण ८ तास संपत असतील तर 'काम चालू ठेवा' हे बटण दाखवणं ही फसवणूक आहे. तिथे 'पुन्हा लॉगिन करा' असंच बटण हवं.

उत्तरात 'सेशन ११ वाजून २० मिनिटांनी संपेल' अशी वेळ पाठवू नका. सोसायटीच्या ऑफिसातल्या जुन्या पीसीचं घड्याळ सात मिनिटं पुढे असू शकतं. उरलेले सेकंद पाठवले की त्या चुकीच्या घड्याळाने बिघडत नाही. सेशनऐवजी जेडब्ल्यूटी, म्हणजे मुदत आतच लिहिलेलं लॉगिनचं टोकन, वापरत असाल तर लक्षात ठेवा, त्यातली मुदत सेकंदांत असते आणि जावास्क्रिप्ट मिलिसेकंदांत मोजते. १००० ने गुणायला विसरलात तर प्रत्येक टोकन १९७० सालीच संपलेलं दिसतं.

आता आपोआप जाणाऱ्या विनंत्यांची सुरुवातीला केलेली यादी काढा. घंटीवरचा आकडा दर ३० सेकंदांनी सर्व्हरला विचारत असेल आणि ती विनंतीही 'हालचाल' म्हणून धरली जात असेल, तर सेशन कधीच संपणार नाही. टॅब उघडा ठेवून माणूस घरी गेला तरी रात्रभर लॉगिन चालू. शिक्का फक्त माणसाने केलेल्या कृतीवर हलवा आणि आपोआप जाणाऱ्या विनंत्यांचे पत्ते वगळा.

याच्या उलट चूकही तितकीच होते. लांबलचक फॉर्म भरताना माणूस अर्धा तास टाइप करतो, पण सर्व्हरला काहीच कळत नाही, आणि काम करणाऱ्यालाच निष्क्रिय ठरवून बाहेर काढलं जातं. यासाठी पानावर कळ दाबली, क्लिक झालं किंवा बोट लागलं की नोंद घ्या आणि मागच्या दोन मिनिटांत अशी एक जरी नोंद असेल तर एकदाच 'वाढवा' पाठवा. प्रत्येक अक्षराला विनंती नको. माउस नुसता हलला, ही खूण धरू नका. टेबलाला धक्का लागला तरी तो हलतो.

४. ब्राउझरमधली उलटी गिनती

सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. नवशिक्या कोडमध्ये एक चल असतो, त्यात १२०० लिहिलेलं असतं, आणि सेट-इंटरव्हल दर सेकंदाला त्यातून एक वजा करतं. समोर बसून पाहिलं तर अगदी बरोबर चालतं.

आता हेच ॲप उघडं ठेवून कुणी शिवाजीनगरला लॅपटॉपचं झाकण बंद करतो, बसने हिंजवडीला जातो आणि तासाभराने झाकण उघडतो. झाकण बंद असताना गिनती थांबलेलीच होती. पडद्यावर '१२ मिनिटे शिल्लक' दिसतंय, सर्व्हरवर सेशन संपून पाऊण तास उलटलाय. तो निवांत टाइप करायला लागतो.

झाकण न लावताही हे होतं. मागे पडलेल्या टॅबमधले टायमर ब्राउझर मुद्दाम हळू करतात. क्रोमने जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या ८८ व्या आवृत्तीपासून, पाच मिनिटांहून जास्त काळ मागे असलेल्या शांत टॅबचे असे टायमर मिनिटातून एकदाच चालवायला सुरुवात केली. दर सेकंदाला एक वजा करणारा कोड तिथे साठपट मागे पडतो.

बरोबर रीत अशी:

सर्व्हरने दिलेले सेकंद मिळाले की लगेच 'शेवटचा क्षण' काढून ठेवा: आत्ताची वेळ अधिक सेकंद गुणिले १०००. टायमर जेव्हा केव्हा चालेल तेव्हा शेवटच्या क्षणातून आत्ताची वेळ वजा करा आणि जे येईल ते दाखवा. टायमर उशिरा चालला तरी उत्तर बरोबर येतं.

त्याशिवाय टॅब पुन्हा समोर आला (व्हिजिबिलिटी-चेंज), पान मागे-पुढे करून परत आलं (पेज-शो) किंवा नेट परत आलं (ऑनलाइन), की या तिन्ही घटनांवर 'किती शिल्लक' सर्व्हरला नव्याने विचारा. उत्तर येईपर्यंत जुना आकडा दाखवू नका. झाकण उघडल्याच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत वाय-फाय जोडलेलं नसतं, त्यामुळे विनंती फसली तर 'सेशन संपलं' असा निष्कर्ष न काढता थोडं थांबून पुन्हा विचारा. नेट नसणं आणि सेशन नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूचनाही वेगळ्या द्या.

आणखी एक बारीक खोच. सेट-टाइमआउटला २,१४,७४,८३,६४७ मिलिसेकंदांपेक्षा, म्हणजे साधारण २४.८ दिवसांपेक्षा मोठा आकडा दिला तर तो थांबतच नाही, लगेच चालतो. 'मला ३० दिवस लक्षात ठेवा' असं खूण केलेल्या माणसाला लॉगिन होताक्षणी 'मुदत संपली' दिसत असेल तर कारण हेच.

५. सूचनेची खिडकी

जावास्क्रिप्टचा तयार अलर्ट वापरू नका. तो उघडा असेपर्यंत पानावरचा बाकी कोड थांबतो, त्यामुळे गिनतीही थांबते. त्याऐवजी एचटीएमएलचा डायलॉग घटक मोडल पद्धतीने (मागचं पान तोवर वापरता येत नाही असा) उघडा. मार्च २०२२ पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये तो चालतो, फोकस आत धरून ठेवतो आणि बंद झाल्यावर आधीच्या जागी परत नेतो.

मजकूर माणसाला कळेल असा हवा. 'सेशन टाइमआउट वॉर्निंग' वाचून खजिनदारांनी काय करायचं? असं लिहा:

'बराच वेळ काही काम झालेलं नाही. २ मिनिटांत तुम्ही लॉगआउट व्हाल. आतापर्यंत भरलेल्या पावत्या मसुद्यात जतन केल्या आहेत.'

बटणं दोनच: 'काम चालू ठेवा' आणि 'लॉगआउट करा'. फोकस पहिल्यावर ठेवा. कुणी मान खाली घालून टाइप करत असताना खिडकी उघडली आणि एंटर किंवा स्पेस दाबली गेली, तर काम चालू राहील. फोकस दुसऱ्यावर असता तर माणूस नकळत बाहेर गेला असता. एस्केप कळीलाही 'काम चालू ठेवा' हाच अर्थ द्या. मसुदा खरंच जतन झाला असेल तरच तिसरं वाक्य दाखवा.

स्क्रीन रीडरसाठी खिडकीला अलर्ट-डायलॉगची भूमिका द्या. पण गिनती दर सेकंदाला बोलून दाखवू नका. 'एकशे एकोणीस, एकशे अठरा' ऐकताना माणसाला बटण सापडत नाही. दिसणारा आकडा स्क्रीन रीडरपासून लपवा आणि वेगळ्या ओळीत २ मिनिटं, १ मिनिट आणि २० सेकंद उरल्यावर एकेकदाच सांगा.

माणूस दुसऱ्या टॅबमध्ये असेल तर खिडकी त्याला दिसतच नाही. म्हणून टॅबचं शीर्षकही बदला: '२ मिनिटे उरली – सोसायटी हिशेब'. मराठी आकड्यांसाठी आकडे बदलायचा हातचा कोड लिहायची गरज नाही. ब्राउझरच्या अंक-मांडणीला मराठी-भारत अशी भाषा दिली की देवनागरी अंक मिळतात. एकवचनाकडे मात्र लक्ष ठेवा, '१ मिनिटे' असं जाऊ देऊ नका.

६. एकाच माणसाचे चार टॅब

एका टॅबमध्ये काम चालू आहे आणि दुसरा टॅब 'तुम्ही निष्क्रिय आहात' म्हणून सगळ्यांना लॉगआउट करतो, हा नेहमीचा दोष. नियम सोपा: कुठलाही टॅब सूचना दाखवण्याआधी आणि बाहेर काढण्याआधी सर्व्हरला एकदा 'किती शिल्लक' विचारेल. मुदत वाढली किंवा लॉगआउट झालं की ब्रॉडकास्ट-चॅनलवरून (टॅबना एकमेकांना निरोप देण्याची ब्राउझरची सोय) बाकी टॅबना कळवा. त्याऐवजी लोकल-स्टोरेजची (ब्राउझरमधल्या साठवणीची) घटना वापरत असाल तर ज्या टॅबने लिहिलं त्याच टॅबला ती घटना मिळत नाही, हे लक्षात असू द्या.

७. मुदत संपलीच, तर भरलेलं वाचवा

मसुदा सर्व्हरवर ठेवणं सगळ्यांत चांगलं. एक ओळ भरून झाली की लगेच पाठवा, आणि मसुदा वापरणाऱ्याच्या खात्याशी बांधा. तो निदान २४ तास ठेवा. डब्ल्यूसीएजीच्या वरच्या पातळीच्या निकषातही, माहिती २० तासांहून जास्त राहत असेल तर मुदतीची पूर्वसूचना देण्याची सक्ती नाही.

ब्राउझरमध्येच ठेवायचं झालं तर विचार करून ठेवा. सोसायटीच्या ऑफिसातला पीसी सेक्रेटरी, खजिनदार, मॅनेजर सगळेच वापरतात. लोकल-स्टोरेजमध्ये राहिलेला बँक खात्याचा नंबर पुढच्या माणसाला सहज वाचता येतो.

लॉगिन संपलंय हे सर्व्हरने ब्राउझरला नीट कळवणंही गरजेचं आहे. पानाच्या विनंतीला लॉगिनकडे वळवलं तर चालतं. पण मागून जाणाऱ्या विनंतीलाही तसंच वळवलं तर फेच (जावास्क्रिप्टमधून विनंती पाठवायची सोय) गुपचूप लॉगिनच्या पानावर जातं, २०० हा यशाचा कोड घेतं आणि जेसनऐवजी एचटीएमएल हातात पडतं. मग कन्सोलमध्ये 'अनपेक्षित <' अशी चूक दिसते आणि वापरणाऱ्याला काहीच दिसत नाही. अशा विनंत्यांना सरळ ४०१, म्हणजे 'लॉगिन नाही' हा कोड, द्या.

४०१ आलं की पान सोडू नका. त्याच पानावर छोट्या खिडकीत लॉगिन मागा. लॉगिन झाल्यावर सीएसआरएफ टोकन (विनंती तुमच्याच पानावरून आली हे पटवणारी खूण) नवीन घ्या आणि मगच अडकलेली विनंती पुन्हा पाठवा. जुनंच टोकन पाठवलंत तर लारावेल ४१९ देतं आणि जँगो ४०३. पुन्हा लॉगिन करणारा माणूस तोच आहे का, हेही तपासा. खजिनदारांच्या पानावर सेक्रेटरींनी लॉगिन केलं तर पान नव्याने उघडा.

फाइल जोडण्याच्या रकान्यात आधीची निवड कोडने परत भरता येत नाही, ब्राउझर ते करू देत नाहीत. म्हणून पावतीचा फोटो निवडताक्षणी अपलोड करा, शेवटच्या बटणाची वाट पाहू नका.

टॅब बंद होताना 'थांबा' म्हणणारी बिफोर-अनलोडची युक्ती फारशी कामाची नाही: मजकूर तुमचा दाखवता येत नाही आणि फोनवर ती अनेकदा चालतच नाही. त्याऐवजी टॅब मागे गेला की मसुदा बीकनने, म्हणजे पान बंद झालं तरी पोचणाऱ्या छोट्या विनंतीने, पाठवा. त्याची मर्यादा ६४ केबी आहे, पावत्यांच्या ओळींना ती भरपूर होते.

८. मागे जाण्याचं बटण

लॉगआउटनंतर 'मागे' दाबल्यावर आधीचा हिशेब दिसता कामा नये. लॉगिन लागणाऱ्या पानांना नो-स्टोअर हेडर ('हे पान साठवू नका' ही ब्राउझरला सूचना) लावा, आणि पेज-शोवर पान साठवणीतून आलेलं असेल तर सर्व्हरला विचारून मगच मजकूर दाखवा. फॉर्म पाठवल्यावर ३०३ ने दुसऱ्या पानावर न्या, म्हणजे 'फॉर्म पुन्हा पाठवायचा का' हा प्रश्न येणार नाही आणि एकच पावती दोनदा चढणार नाही. मेटा रिफ्रेशने ठरावीक वेळाने पान बदलणं पूर्ण टाळा. माणूस टाइप करत असला तरी ते पान ओढून नेतं.

९. तपासणी

चाचणीच्या प्रतीवर निष्क्रियता ३ मिनिटं आणि सूचना १ मिनिट आधी अशी लावा. मग हे प्रत्यक्ष करून बघा:

- ४ मिनिटं टाइप करत राहा, जतन करू नका. सूचना येता कामा नये.
- टॅब मागे टाकून ७ मिनिटांनी परत या.
- झाकण १० मिनिटं बंद ठेवा, वाय-फाय बंद असताना उघडा, मग वाय-फाय चालू करा.
- पीसीचं घड्याळ १५ मिनिटं पुढे करून लॉगिन करा.
- दोन टॅब उघडा, एकातच काम करा.
- माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डने मुदत वाढवा.
- फोनवर फॉर्म अर्धवट सोडून ओटीपी बघायला मेसेजमध्ये जा, मग परत या.

शेवटी, सेशन का संपलं हे प्रत्येक वेळी सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहा: निष्क्रियता, एकूण मुदत, स्वतः लॉगआउट, दुसऱ्या उपकरणावरून लॉगिन, की सेशन सापडलंच नाही. खजिनदारांचा फोन येईल की 'मी काम करत होतो, तरी बाहेर फेकलं'. लॉगमध्ये 'सापडलंच नाही' असेल तर तुमची मुदत मुळात संपलेलीच नव्हती. सर्व्हर बंद-चालू झाला असेल किंवा सेशन फायली कुणी उडवल्या असतील, आणि शोध दुसऱ्या पायरीपासून सुरू करायचा.